दोन आळ्यांच्या मधे

तंजावूर

तीर्थरूप बाबांना वैजूचा नमस्कार.

मी बरी आहे. दगड लागून कपाळाला खोक पडली होती, ती भरत आलीय. आईला सांगू नका.

देवळाचा रथ कुठल्या रस्त्यानं न्यायचा, यावरून इथल्या दोन आळ्यांत मारामाऱ्या चालल्यात. त्या थांबाव्यात म्हणून आम्ही काहीजणी रोज संध्याकाळी दोन्ही आळ्यांच्या मधे रस्त्यावर बसतो. दोन्हीकडचे लोक आम्हालाच शिव्या देतात. दुकानदार दूधसुद्धा देत नाही. माझी घरमालकीण कामाक्षी आमच्यातच आहे, म्हणून डोक्यावर छप्पर तरी आहे.

काल तिचा सख्खा भाऊ व्यंकटरमण काठी आणि माणसं घेऊन आला.

"ऊठ! घराण्याची लाज काढलीस!" तो ओरडला.

कामाक्षी बसूनच म्हणाली, "अण्णा, पलीकडे जायचं तर मला तुडवून जा."

त्यानं काठी उगारली. मी डोळे मिटले. काठी रस्त्यावर आपटून मोडली.

"आजपासून तू मला मेलीस," म्हणत तो मागे फिरला. माणसंही गेली. मग मात्र कामाक्षी ढसाढसा रडली.

तुमचे गुडघे कसे आहेत? मला न्यायला येऊ नका, मी येणार नाही. रथ शुक्रवारी निघेल. कामाक्षी म्हणते, अण्णा पुन्हा येईल. आम्ही तिथेच बसलेल्या असू.

तुमची हट्टी,
वैजयंती