आर्चीच्या जागेवर

१२ नोव्हेंबर १९१७, ग्लासगो
आज पहिल्यांदा एकटीने ट्राम चालवली! धुकं इतकं की गाड्यांचे घोडेही दिसेनात, नुसत्या टापा. हँडल फिरवलं आणि वाटलं, रस्ता नाहीच — मी पाण्यावरून चाललेय, खाली कुठेतरी शहर झोपलंय. लढाईवर जाण्याआधी आर्ची इथेच उभा राहायचा. इतकं छान वाटतं हे त्याने कधी सांगितलं नाही! नवरे असल्या गोष्टी स्वतःपाशीच ठेवतात.
एक म्हातारा चढला, मला पाहिलं आणि टोपी सावरत उतरला. "अजून जगायचंय मला!" जेसी — माझी कंडक्टर — ओरडली, "मग चालत जा आजोबा, आयुष्य वाढेल!"

१३ नोव्हेंबर
सासूबाई माझ्या ट्राममध्ये पाय ठेवणार नाहीत म्हणे. बटाट्यांची पिशवी घेऊन बाजारातून चालत आल्या. 'बाईच्या हातात पळी शोभते, ब्रेक नाही.'

२ डिसेंबर
जेसी जेवणाच्या सुट्टीत सांगत होती. लढाईआधी मताच्या हक्कासाठी तिने सरकारी कचेरीच्या काचा फोडल्या. तुरुंगात उपास धरला, तर नाकात नळी घालून पाजलं. हे सगळं पाव खात खात, हसत! मी विचारलं, मत मिळून होणार काय गं?
"काही नाही. सकाळी उठशील तेव्हा तू असशील."
कळलं नाही. पण दिवसभर रुळांवर तेच ऐकू येत होतं.

७ फेब्रुवारी १९१८
कायदा झाला! बायकांना मत! — पण तिशीच्या पुढच्यांना. मी चोवीस, जेसी सत्तावीस. नळी हिच्या नाकात आणि मत सासूबाईंना! जेसी हसत सुटली. हसता हसता तिकिटांची पिशवी आपटली.
सासूबाई म्हणतात, 'मला नको मेलं. तुझ्या त्या तुरुंगवालीला देऊन टाक.'

११ एप्रिल
लिहवत नाही.
दुपारी सासूबाई माझ्या ट्राममध्ये चढल्या. पहिल्यांदाच! काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं. एक शब्द नाही. मला वाटलं, हरल्या बिचाऱ्या! मुद्दाम दाखवायला वळणं अलगद घेतली. नदीवर ऊन सांडलं होतं. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, तशा त्या पुढे आल्या.
"ब्रेक लाव, पोरी. नीट लाव."
लावला.
"आर्ची बेपत्ता आहे."
लष्कराचं पत्र सकाळीच आलं होतं. चालत्या गाडीत सांगायचं नाही, म्हणून सारा रस्ता त्या तशा बसून राहिल्या.

१२ एप्रिल
कामावर गेले.

२० जून
आर्ची ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसलाय असं वाटतं. चालवताना मागे वळून बघता येत नाही, नजर रुळांवर हवी. म्हणून तो तिथेच असतो.

११ नोव्हेंबर
लढाई संपली! सगळ्या ट्रामच्या घंटा. मीही वाजवली. कोणासाठी, माहीत नाही.

१४ डिसेंबर
मतदान. सासूबाई गेल्याच! जेसी आणि मी शाळेच्या फाटकापर्यंत सोबत. बाहेर आल्या त्या लालबुंद होऊन.
"काय वाटलं, आजी?" जेसीने विचारलं.
"पेन्सिल बोथट होती."
थोडं चालल्यावर म्हणाल्या, "आत एक जण म्हणतो, नवऱ्याला विचारून आलात ना? म्हटलं, त्याला विचारायचं तर कबरस्तानात जावं लागेल. तूच जाऊन ये!"
जेसीने भर रस्त्यात त्यांचा मुका घेतला. त्यांनी गाल पुसला नाही.

३० डिसेंबर
डेपोत साहेब म्हणाले, सैनिक परत येताहेत, ज्याची जागा त्याला. जेसीला घरी बसवलं. 'तुमची गोष्ट वेगळी, मिसेस बेर्ड. तुमची जागा मागायला कोण येणार?'
म्हणजे आर्ची नाही, म्हणून ट्राम आहे! घरी येताना हँडलचा गारवा तळहातावर तसाच होता. सासूबाईंना सांगितलं नाही.

९ जानेवारी १९१९
कामावर निघाले, दार उघडलं — आर्ची! हाडं आणि डोळे, बस्स. जर्मनांच्या इस्पितळात पडून होता, पत्रं पोचलीच नाहीत. किती वेळ नुसती त्याला धरून होते. मग त्याने माझ्या ट्रामच्या कोटाच्या पितळी बटणांवरून बोट फिरवलं. "कोणाची जागा गं, एफी?"
"तुझी."
सासूबाई रडतारडताच खेकसल्या, "तू आत ये आणि लापशी खा! तिला उशीर होतोय."
गेले नाही. ट्राम दुसऱ्याने नेली. कोट मात्र अजून अंगावरच आहे.