घोड्यांच्या पुलाजवळ चाळीस गोणी सिमेंट

नेरूळ,
दि. ४ फेब्रुवारी १९८४

आदरणीय गंगाराममामा यांस,

भाचा पोपट याचा सविनय जयभीम. मामींनाही सांगावा. मी इकडे बरा आहे. (खोकला आहे, पण तो सिमेंटचा आहे, माझा नाही.) तुमच्या गुडघ्याला मागच्या पत्रात आराम होता. तो तसाच असावा आणि दापोलीच्या थंडीत तुम्ही ओट्यावर उघड्याने बसत नसावेत, अशी आशा करतो.

तुमचे पत्र मिळाले. तीन वेळा वाचले. बोटीवरच्या स्वयंपाकघरात मदतनिसाची जागा आहे, बोट मे महिन्यात लेनिनग्राडला लागणार आहे, तुमची सारी नोकरी बोटीवर गेल्यामुळे तुमच्या शब्दावर ती जागा मला मिळेल, आणि हो की नाही ते पंधरा तारखेच्या आत कळवायचे आहे. ज्या शहरासाठी मी सहा वर्षे झुरतो आहे तिथे येतोस का, असे विचारल्यावर दुसऱ्या कोणी पोस्टकार्डावर एकच अक्षर लिहून धाडले असते. मी पाकीट आणले आहे, कारण आधी इकडे काय झाले ते तुम्हाला कळले पाहिजे.

नववीत गणिताने मला सोडले (मी त्याला सोडले नव्हते), तेव्हापासून माझे शिक्षण पुस्तकांच्या हाती आहे. त्यातले मुख्य म्हणजे रशियन पुस्तकांच्या गाडीवर घेतलेले ते लेनिनग्राडच्या माहितीचे पुस्तक, शेवटी घडीचा नकाशा असलेले. स्टेशनातून बाहेर पडावे, नेव्हस्की रस्त्याला लागावे, नाकासमोर चालावे. फोन्तांका नदीवर पूल येतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार घोडे, प्रत्येकाला एकेक माणूस आवरतो आहे. इथवर मी डोळे मिटून जातो. ते शहर एका राजाने दलदलीत वसवले. आमचेही खाडीत भराव घालून वसवत आहेत, फक्त राजाच्या जागी कंत्राटदार आहे आणि रस्त्यांना नावे नाहीत. इमारती सगळ्या सारख्या, सगळ्या अर्धवट. मी गोदामावर असल्यामुळे चलनावरचा 'माल कुठे उतरवावा' हा रकाना मला भरावा लागतो. 'तिसऱ्या इमारतीमागे' असे लिहिले की भांडण ठरलेले, कारण ट्रकवाला धर्मा खाडीकाठच्या सारसोळे गावचा, तो खाडीकडून मोजतो, आणि मुकादम हमरस्त्याकडून. म्हणून दिवाळीनंतर मी कोपऱ्याकोपऱ्यावर खडूने नावे लिहिली. मोठा रस्ता नेव्हस्की. सांडपाण्याचा चर फोन्तांका. चरावरच्या फळ्या म्हणजे घोड्यांचा पूल. (घोडे नव्हते. रेतीची दोन गाढवे तिथे बांधलेली असत.)

त्यानंतर माल एकदाही चुकला नाही, मामा. नेव्हस्कीचे लोकांनी नेवसकर केले आणि हे नेवसकर कोणी पुढारी असावेत असे आपसांत ठरवून टाकले. धर्मा ट्रकमधून डोके काढून विचारी, "पोपटशेट, खडी नेवसकराला टाकू का तुज्या घोऱ्यांना चारू?" (त्याच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो.) पण केशरबाईने नीट विचारले. ती उस्मानाबादकडची, डोक्यावरून पाट्या वाहणारी. एकदा गोदामाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "त्या गावात तुझं कोण हाय रं?" कोणी नाही, म्हटले. "आन् हितं?" मी गोणीवरची धूळ झटकू लागलो. मग तीच म्हणाली, "बरं, पुलाच्या म्होरं काय हाय ते तर सांग." तेव्हापासून पाच वाजता हातपाय धुतले की ती दहा मिनिटे ऐकून जाई. तिथे पाट्या वाहायला बायका आहेत का, असे तिने विचारले होते. पुस्तकात तसे काही नाही, हे मला तिच्यामुळे कळले.

जानेवारीत मुख्य कचेरीतले साहेब तपासणीला आले. (सगळे त्यांना रावसाहेब म्हणतात, त्यांच्या मागे आणखी काही म्हणतात.) त्यांच्या हाती नेमके एक चलन लागले: चाळीस गोणी सिमेंट, नेव्हस्की, घोड्यांच्या पुलाजवळ. ही जागा आपल्या हद्दीत आहे काय, असा लेखी खुलासा त्यांनी मागवला. 'आहे' एवढे लिहून भागले असते. मी शाईने चार पाने लिहिली, आमच्या कामाचा नकाशा काढून जोडला, आणि ताडून पाहता यावे म्हणून पुस्तकातला मूळ नकाशाही जोडला. रावसाहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे चाळीस गोणी रशियात गेल्या?" मुकादमाने त्यांना पुलावर नेऊन गोणी दाखवल्या. ते हसले, रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. उद्यापासून नंबराच्या पाट्या लागतील, तुझे तू पूस, म्हणाले.

चुन्याची बादली घेऊन एकेक कोपरा मी स्वतः पुसला. धर्मा ट्रक थांबवून पाहत होता. म्हणाला, "नेवसकर परले वाटतं या खेपंला." पुढच्या आठवड्यात केशरबाईची टोळी जासईच्या कामावर गेली. आता पाचला सगळे पांगतात आणि मी पायरीवर बसतो. पाट्यांवर एक, दोन, तीन असे आहे, त्यात कोणी काय विचारणार? मूळ नकाशा खुलाशासोबत फायलीला लागला तो परत आला नाही. तोंडपाठ आहे म्हणून रोज जाऊन येतो, पण पुलापलीकडची वळणे हल्ली मागेपुढे होतात.

मामींच्या हातच्या सांडग्यांची आठवण येते. सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमचा,
पोपट

ता.क. उत्तर राहिलेच. पुष्कळ विचार करून कळवतो की, नाही. तिथे उतरलो आणि ते शहर पुस्तकासारखे नसले, किंवा अगदी तसेच असले आणि तिथेही कोणी बोलले नाही, तर मग संध्याकाळी पाचनंतर मी कुठे जावे? कृपया बोटीच्या कचेरीत तसे सांगावे. राग नसावा.

ता.क. दुसरा. कचेरीत मात्र सोळा तारखेला सांगावे, आधी नको.

ता.क. तिसरा. पासपोर्टाच्या मापाचे तीन फोटो पाकिटात ठेवले आहेत. एकात डोळे मिटले गेले आहेत, तो देऊ नये. कोट फोटोवाल्याचा आहे.