विहिरीतली उलटी फेरी

मोहगाव, ता. सौंसर
२५ ऑगस्ट १९८६

आदरणीय स्मिताताई यांना रजनीचा नमस्कार.

मी सुखरूप पोचले. नागपूरहून सौंसरपर्यंत बस चांगली आली, पुढे मोहगावची गाडी चिखलात रुतली, तेवढाच उशीर. इकडे घरी सगळे बरे आहेत, बैलसुद्धा. संत्र्याची फळं गळून राहिली म्हणून बाबा थोडे काळजीत आहेत.

निघताना तुम्ही तलावावर म्हणालात, "खांद्याला आराम दे, पण आराम म्हणजे लोळणं नव्हे. काय काय करतेस ते कळव." म्हणून सगळं खरं खरं लिहिते.

सायकलची जुनी ट्यूब गोठ्याच्या खांबाला बांधली आहे. काखेत टॉवेलची घडी, कोपर बरगडीला चिकटलेलं, आणि हात हळूहळू बाहेर ओढायचा, तुम्ही दाखवलं तसंच. देवकाआत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते, ती पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "काय वं, कॉलेजात गोठ्याले ओढून पाडाचं शिकवतात काय?" आता तिला सवय झाली आहे. मोऱ्या बैल मात्र अजून रवंथ थांबवून बघतो.

पोहणं म्हणजे सध्या फक्त पाय मारणं. फळी इथे कुठली? म्हणून जेवायचा पाट घेतला. हात पुढे ताणत नाही, पाट छातीशीच धरते. आत्याने पाहिलं आणि दुपारी त्या पाटावर बसायला नकार दिला.

बर्फाची मात्र गंमत झाली. पाण्यातून निघाल्यावर खांद्याला बर्फ लाव म्हणालात, पण मोहगावात बर्फ मिळतो तो फक्त कांडीवाल्याच्या पेटीत, तोही नारिंगी. फडक्यात गुंडाळून त्याच कांड्या लावल्या. संध्याकाळी आत्याने माझा खांदा पाहिला आणि बाबांना हाक मारली, "पुंडलिका, पोरीले कावीळ झाली, पण एकाच जागी!" साबणाने घासला तरी रंग दोन दिवस गेला नाही.

डाव्या कुशीवर झोपत नाही. रात्रीचा ठणका थांबला आहे. हात डोक्यावर नेला की मात्र अजून आत कुणी चिमटा काढल्यासारखं होतं. केस विंचरायला वहिनी लागते.

तुम्ही शेवटी सांगितलेली डावीकडून श्वास घेण्याची गोष्ट राहिली. तिच्याबद्दल लिहायचं होतं, पण अंतर्देशीयावर आता जागाच उरली नाही.

आपली,
रजनी


मोहगाव
१ सप्टेंबर १९८६

स्मिताताई,

तुमचं कार्ड मिळालं. त्यावर एवढंच होतं, "आता कोरा कागद घे. डावीकडून श्वास सुरू केलास का?"

नाही केला, ताई. कोरा कागद घेतला आहे, तेव्हा आता जागेची सबब नाही.

आमची विहीर गोल आहे, खाली उतरायला पायऱ्या आहेत. घरातल्या सगळ्या मुलांना बाबांनी तिथेच पोहायला शिकवलं, पाठीला सुका भोपळा बांधून. मी तर अक्षरंही तिथेच शिकले. दगडी पायरीवर ओल्या बोटाने बाबा अक्षर काढत, आणि ते वाळायच्या आत मी वाचायचं. शाळेत गेले तेव्हा गुरुजींना वाटलं, ही भराभर वाचते म्हणजे पाठ केलं असेल.

विहिरीचा नियम एकच. पाण्यात मधोमध आसरा राहते, ती आमची जलदेवी. तिला उजवी घालून पोहायचं. म्हणजे देवळात प्रदक्षिणा घालतो तशी फेरी, कायम उजवीकडे वळत, तोंडही उजवीकडेच. उलटी फेरी माणूस फक्त मसणात घालतो, चितेभोवती. हे आम्हाला कुणी रागावून सांगितलेलं नाही. गरम तव्याला हात लावू नये हे जसं कळतं, तसं ते कळतं.

तलावात पहिल्याच आठवड्यात तुम्ही काठावरून ओरडलात, "रजनी, तू पट्टीत पोहतेस की कुणाला प्रदक्षिणा घालतेस?" सगळ्या मुली हसल्या. मीही हसले. पण तुम्ही बरोबर ओळखलं होतं. मान सदा उजवीकडे, आणि डावा हात डोक्यासमोरून पलीकडे जातो; श्वास घेताना सगळा भार त्याच खांद्यावर. आता डावीकडून श्वास घ्यायचा तर या विहिरीत डावीकडे भिंत येते. भिंतीवर आपटलेलं पाणी सरळ तोंडात. एकदा करून पाहिलं, ठसका लागला. म्हणजे उपाय एकच. फेरीच उलटी घालायची.

तुम्ही म्हणाल, मग बाबांना विचार. तेच जमत नाही, आणि आसरा हे त्याचं खरं कारण नाही.

बाबांचा डावा हात कित्येक वर्षांपासून कानाच्या वर जात नाही. सदरा घालताना आधी डावी बाही चढवतात. वात आहे म्हणतात. ते आता पाण्यात उतरत नाहीत. पायरीवर बसून माझ्या भावाच्या मुलीला, यमुनेला शिकवतात, आसरेला उजवी घालूनच. माझा खांदा कशाने दुखतो हे मी सांगितलं, तर त्यांचा कशाने गेला हेही सांगितल्यासारखंच होईल. शिवाय यमुनेचं काय होणार तेही. त्यांनी मला जे जे दिलं त्यात पोहणं सगळ्यांत मोठं. तेच वाकडं दिलंत, असं कोणत्या तोंडाने सांगू?

ते बाजाराला गेले की गुपचूप उलटं फिरता येईल. पण यमुना पायरीवरून बघत असते, आणि ज्या पाण्यात वाचायला शिकले तिथे चोरी करणं माझ्याने व्हायचं नाही.

विद्यापीठाच्या संघाची निवड या महिन्यातच आहे. डावी बाजू सुधारल्याशिवाय तुम्ही मला पाण्यात उतरू देणार नाही, आणि तसं केलंत तर तुमचं बरोबरच असेल. न सांगता तशीच पोहले तर हाताची गत बाबांच्या हातासारखी होईल. हेही कळतं. कळूनही रोज सकाळी तोंड उघडते आणि विचारते, "बाबा, चहा आणू काय?"

रागावू नका.

रजनी


मोहगाव
६ सप्टेंबर १९८६

प्रिय स्मिताताई,

आधी आनंदाची गोष्ट सांगते: आज माझी वेणी मी घातली. दोन्ही हात मागे नेऊन. थोडी वाकडी आहे, पण ती आधीही वाकडीच असायची.

आता कसं झालं ते सांगते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढलेला भाग लोणी-हळदीने चोळायचा, पळसाची पानं गरम पाण्यात बुडवून त्यावर दाबायची, आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षी भाऊ बाबांच्या मदतीला असतो. या वेळी तो पांढुर्ण्याला गेला होता, म्हणून मी गेले.

मोऱ्या उंच बैल. बाबा एका अंगाला, मी दुसऱ्या. चोळून झालं. मग एका हाताने पान धरायचं आणि दुसऱ्याने दाबायचं. बाबांचा डावा हात कानापर्यंत येऊन थांबला. मी पलीकडून मदतीला हात पुढे केला, तर माझाही डावा तिथेच अडला. पान घसरलं आणि मोऱ्याच्या खुराशी पडलं. बाबा बैलाच्या पाठीवरून माझ्याकडे बघतच राहिले.

"तुहाही डावाच?"

"हो बाबा."

"कवापासून?"

"उन्हाळ्यापासून."

"पडली होती काय?"

"नाही."

"मंग?"

ताई, मी किती दिवस मनात वाक्यं जुळवली होती, मऊ मऊ. त्यातलं एकही आलं नाही. आसरा, मान, तलावाची पट्टी, सदऱ्याची बाही, यमुना, सगळं एकदम बाहेर पडलं, उलटसुलट. बाबांनी खाली वाकून नवीन पान घेतलं, बुडवलं, मोऱ्याच्या खांद्यावर ठेवलं आणि मला म्हणाले, "तू उजव्यानं धर, म्या उजव्यानं दाबतो." दोन्ही बैल होईपर्यंत आम्ही तसेच शेकत राहिलो.

मग हात पुसत म्हणाले, "सौंसरले तेल्याच्या घाण्यावर बैल होता, म्या लहानपणी पाह्यला. जलमभर एकाच अंगानं फिरला. म्हातारपणी सोडला त सरळ सडकेनं चालेच ना, वाकडा वाकडा जाय. पोरं हासत." माझ्याकडे वळले. "मले वाटे, म्या तुले पोहणं शिकवलं. म्या त घाण्याले जुंपलं वं तुले."

मला रडू फुटलं. तर म्हणाले, "रडते काहून? मोऱ्या रडला काय?" आणि पाण्यातलं शेवटचं पान उचलून माझ्या खांद्यावर दाबलं. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

(शेक चालतो ना, ताई? सूज नव्हती, नुसतं आखडलं होतं, म्हणून मी नको म्हटलं नाही. चुकलं असेल तर सांगा.)

दुसऱ्या दिवशी पोळा. जेवणं झाल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की उद्या सकाळी रजनी विहिरीत उलटी फेरी घालणार. आत्याने हातातलं ताट खाली ठेवलं.

"उलटी फेरी मसणात घालतात, पुंडलिका. वर्षाच्या सणाले असं बोलते काय?"

"बाई, काल बैलाले लोणी लावलं, ते कोणी काढलं?"

"म्या. आनखी कोण काढते या घरात?"

"रवी कोन्या अंगानं फिरते वं?"

"दोन्ही," आत्या म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला कळलं आपण काय म्हटलं ते.

"एकाच अंगानं फिरवली असती, त आला असता काय गोळा?"

आत्याने ताट उचललं. मग उठता उठता म्हणाली, "रवीचं ठीक हाये. रवी काही विहिरीत पडून मरत नाही." पण सकाळी सगळ्यांच्या आधी हळदकुंकू घेऊन विहिरीच्या काठावर तीच उभी होती. मला म्हणाली, "पाया पडून उतर. अन् तो पाट नेऊ नको आता."

बाबा पायरीवर बसले. पाण्याकडे बघून, शेजारणीशी बोलावं तसं बोलले, "माय, इतके दिवस तुले उजवी घातली. आता पोरीचा हात दुखून राहिला. राग धरू नको. एक फेरी तुही, एक फेरी तिच्या खांद्याची."

मी आधी तुम्ही सांगितल्याप्रमाणे हात सैल केले, मग उतरले. पहिली फेरी नेहमीची घातली. नंतर वळले. काय सांगू ताई, अर्ध्या फेरीत इतकं पाणी प्याले की यमुना ओरडली, "आबा, आत्याले भोपळा बांधा!" देवकाआत्यासकट सगळे हसले. पाय कुठे, हात कुठे, काही कळेना, जणू कुणी दुसरीच पोहत होती. पण नंतर मान आपोआप डावीकडे वळायला लागली. आजवर दर फेरीला बाबा उजवीकडून यायचे, ते डावीकडून यायला लागले. आणि डावा हात पलीकडे न जाता सरळ समोर पडला. चिमटा आला नाही. मी थांबले नाही, मुद्दाम आणखी एक फेरी घातली, कारण मला खरं वाटेना. तेव्हाही आला नाही.

थकायच्या आत बाहेर आले. तुमचं ऐकलं.

तोवर बाबा सदरा काढत होते, आधी उजवी बाही. आत्या म्हणाली, "तू कुठं चालला म्हाताऱ्या?" ते धोतर खोचून उतरले. किती वर्षांनी, मलाही आठवत नाही. डावीकडे वळले आणि अगदी हळू, कुत्र्यासारखे हात मारत, उलटी फेरी घालायला लागले. अर्ध्यावर त्यांनी डावा हात पाण्याबाहेर काढला. पूर्ण वर नाही गेला. पण कानापाशी थांबला नाही, हे मी आणि आत्याने दोघींनी पाहिलं. आत्याने तोंड फिरवलं आणि यमुनेला म्हणाली, "पाहून काय राहिली, टॉवेल दे आबाले."

आता तुम्हाला विचारते: बाबांचं वय अठ्ठावन्न. माझीच ट्यूब अर्धी कापून दिली तर चालेल की त्यांना याहून मऊ लागेल? बर्फ ते लावू देत नाहीत. म्हणतात, नारिंगी झाल्यावर मले कांडीवाला उचलून नेईन. यमुना आता एक फेरी इकडून, एक तिकडून शिकते आहे, आणि तिला त्यात काहीच वेगळं वाटत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला नदीच्या दोन काठांवरून दगडफेक होते, त्या गोटमारीमुळे काल बस नव्हती, म्हणून हे पत्र आज टाकते. सोमवारी तलावावर येते. निवड होईल न होईल; पण तुम्ही काठावरून ओरडलात, "कुणाला प्रदक्षिणा घालतेस?" तर या वेळी मी सांगेन कुणाला.

बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. ते म्हणाले, "तुह्या ताईले लिव्ह, पोरगी आमची, खांदा तिचा. सांभाळून पोहव म्हणा."

एक फेरी बाबांची, एक फेरी तुमची, अशी पोहणारी,
रजनी