भांडुपची पेटी की कांदिवलीची

२२ फेब्रुवारी १९७९, गुरुवार

कवळी बसली, पण कॉर्नेट काही बसत नाही.

डॉक्टर म्हणाला, आता चणे खा. चणे कोणाला खायचेत? नवरा घरी आला, हात धुतले, कॉर्नेट, बँडमधलं ते पितळी शिंग, काढून ओठाला लावलं — फुस्स. परत लावलं. फुस्स. तिसऱ्यांदा कवळीच आतल्या आत हलली. मग फडक्याने पुसून कॉर्नेट पेटीत घातलं आणि पेटी माळ्यावर टाकली.

जानेवारीत जाळं ओढताना कप्पीचा हूक सुटला आणि तोंडावर बसला. वरचे चार दात गेले. मी म्हटलं, डोळा वाचला, एकवीरा पावली. दात काय, नवे मिळतात. कॉर्नेट दातांच्या आधारावर वाजतं हे मला कुठे ठाऊक! पंचवीस वर्षं ह्याच्याबरोबर संसार केला आणि हे ठाऊक नाही.

ही डायरी बर्फाच्या कारखान्याची. दरवर्षी पानं फाडून कोळंबी बांधते. ह्या वर्षी लिहिते. चौथीपर्यंतचं लिहिणं, चालेल. घरात ह्या गोष्टीबद्दल बोलायची सोय नाही, म्हणून इथे.

२५ फेब्रुवारी, रविवार

धोंडिराम आला होता. ह्याचा चुलतभाऊ, आमच्या दांडा कोळीवाड्यातल्या बँडचा मास्तर.

"वहिनी, सरूबाईच्या पोराची हळद पाच मेला. वेसाव्याचा एक कॉर्नेटवाला यायला तयार आहे. एकदा आला की तो काय परत जायचा नाही. आधीच सांगून ठेवतो."

नवरा आत बसून ऐकत होता. बाहेर आला नाही.

मी म्हटलं, "धोंड्या, पाच मेच्या आधी त्याची जागा भरलीस तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

"जागा धरून काय करू? दात उगवणार काय?"

जाता जाता उंबऱ्यावर थांबला. म्हणाला, अंधेरीच्या एका ऑर्केस्ट्रात विजेवरची पेटी बघितली. फुंकायचं नाही, बोटांनी दाबायचं. शिंगाचाही आवाज निघतो म्हणे. बोलायचं म्हणून बोलला आणि गेला. मी धरून ठेवलं.

बँड सुटला तर हा माणूस संपला. बोटीवर तो पोटासाठी जातो. जगतो लग्नाच्या सीझनमध्ये.

१ मार्च, गुरुवार

गुरुवारी बाजार मंदा. टोपली बाजारात माझ्या शेजारी बसणाऱ्या सरूबाईकडे सोपवली आणि तशी पेटी बघायला भांडुपला गेले.

चंद्रप्रकाश नावाचा माणूस. त्याचा ऑर्केस्ट्रा फुटला. गाणारी बाई लग्न करून गेली, आता सामान विकतोय. पेटी म्हणजे काय, पलंगच! चार पाय, पायाने दाबायचा खटका, एकसष्ट पट्ट्या. मी मोजल्या. दहा बोटं ठेवली तर दहा आवाज एकदम.

"मावशी, एकटा माणूस बसला तर पाच माणसांचं काम करतो," चंद्रप्रकाश म्हणाला.

"मग तुझा ऑर्केस्ट्रा का फुटला?"

हसला. वाजवून दाखवलं. मोठा आवाज, सरळ, गुळगुळीत. चांगली वाटली. शिंगाचा आवाज काढ म्हटलं, तर एक बटण दाबलं आणि म्हणाला, हाच. मला तो पेटीचाच वाटला. पण मला काय कळतं?

५ मार्च, सोमवार

आज कांदिवली. माझ्या एका गिऱ्हाइकाचा भाऊ, गुणाजी. मालवणचा. बोटीवर नोकरी, जपानला जाऊन येतो. त्याने आणलेली पेटी मांडीवर मावेल एवढी. सदतीस पट्ट्या, वर गोल फिरवायच्या कळा, डाव्या अंगाला एक दांडी. नाव लांबलचक — सिंथेसायझर. कागदावर लिहून घेतलं.

मी दोन पट्ट्या एकदम दाबल्या. आवाज एकाचाच. तीन दाबल्या. तरी एकच.

म्हटलं, "अर्धी मेलेली आहे ही. मला शिळी देतोस होय?"

गुणाजी पोट धरून हसला. "मावशे, मेली नाय गो. तिका गळोच एक आसा!"

भाव बघितला तर भांडुपच्या एवढाच. शिवाय जपानची वीज वेगळी, म्हणून विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर बरोबर वागवायचा. थेट भिंतीत घातली की जळाली. आणि सुरू केल्यावर अर्धा तास तापू द्यायची, नाहीतर सूर सरकतो.

सदतीस पट्ट्या, आवाज एक आणि वर नखरे. मी उठले.

७ मार्च, बुधवार

सरूबाईला बाजारात सांगितलं. ती सुरमई कापता कापता म्हणाली, "त्यात विचार काय करतेस? एका भावात भरलेली टोपली मिळते, तर तू चार मासे घेणार?"

बरोबर आहे. तीस वर्षं हेच करतोय आपण.

यंदा भिशी मला लागली आहे, पैसे त्यातलेच. चंद्रप्रकाशला निरोप धाडला — घेतली. आमच्यात शब्द दिला की मासा उचलल्यासारखं. परत टोपलीत टाकायचा नाही.

नवऱ्याला अजून सांगितलं नाही.

८ मार्च, गुरुवार

सांगितलं. जेवताना. तो ताटाकडे बघत म्हणाला, "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतास."

"नकोच आहे."

"म्हणूनच नाही विचारलं."

१६ मार्च, शुक्रवार

होळी झाली. ह्या वर्षी नवरा होळीपुढे वाजवायला गेला नाही, दारातच बसला. सगळे बघून गेले.

आज पेटी टेम्पोने आली. चार जणांनी उचलली. आत मावेना, शेवटी मांडणी बाहेर काढली. आता भांडी ओट्यावर आणि पेटी घरात.

१९ मार्च, सोमवार

तीन दिवस पेटीला हात लावला नाही. आज मी बाजारातून आले तर बसलेला. बाहेर थांबून ऐकलं.

हळदीला वाजवतात ते, मामाला चिडवायचं गाणं वाजवत होता. सूर चुकत नव्हते फारसे. पण ते गाणं नव्हतं. कॉर्नेटवर तो वाजवतो तेव्हा शब्द कळतात, बायका लगेच उचलतात. 'मामा' म्हणताना आवाज खालून ओढत वर नेतो आणि वर नेऊन लोंबकळत ठेवतो, मामाला तोंड लपवायला लागतं. ह्या पेटीवर मामा जिना चढल्यासारखा. एक पायरी, दुसरी पायरी, पोचला.

मी आत गेले. तो म्हणाला, "बघ. एकसष्ट आहेत. मला पाहिजे तो सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये आहे."

रागाने नाही म्हणाला. त्याचंच वाईट वाटलं. ओरडला असता तर मी पण ओरडले असते.

२० मार्च, मंगळवार

कांदिवलीच्या पेटीला ती दांडी कशाला आहे? मी विचारलंच नाही. पट्ट्या मोजत बसले.

२२ मार्च, गुरुवार

त्याला ओढत नेलं. गुणाजीने पेटी अर्धा तास आधीच सुरू करून ठेवली होती.

मी विचारलं, दांडी कशाला. गुणाजीने पट्टी दाबून दांडी पुढे ढकलली, तसा आवाज पट्टी सोडून वर सरकला. मागे ओढली, खाली आला. मधल्या सगळ्या जागा आहेत तिथे! मग एक कळ फिरवली, तर मिटल्या तोंडाने गुणगुणणारा आवाज हळूहळू तोंड उघडल्यासारखा मोकळा झाला.

नवरा उठला. गुणाजीला बाजूला सारलं — परक्याच्या घरी! डावा हात दांडीवर, उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर. वाकडंतिकडं, शोधत शोधत, पण 'मामा' आला. खालून ओढत वर आणि वर लोंबकळत.

मग माझ्याकडे बघून हसला. कवळी बसवल्यापासून तोंड उघडून हसला नव्हता.

मी म्हटलं, "एकच आवाज येतो हिच्यातून, चालेल?"

"कॉर्नेटमधून किती येत होते?"

पंचवीस वर्षं ऐकतेय, एका वेळी एकच. आणि मी मोजत बसले टोपलीभर.

२४ मार्च, शनिवार

भांडुपला शब्द मोडायला मीच गेले. चंद्रप्रकाश चिडला. "मावशी, तुम्ही कोळणी शब्दाच्या पक्क्या म्हणून ऐकलं होतं."

"पक्क्याच. आज माझा मोडला. बोल काय बोलायचं ते."

बोलला. ऐकून घेतलं. पेटी परत पोचवायला टेम्पो माझा, हमाल माझे, वर दोन पापलेटं दिली. पापलेटं घेतली, पैसे परत केले आणि मग म्हणाला, कुठली घेतलीत? सांगितलं. "ती एका गळ्याची? मावशी, फसलात तुम्ही."

असेल.

२ एप्रिल, सोमवार

कांदिवलीची पेटी घरात, मांडणी परत जागेवर. पण वाट लागली आहे. डावा हात झकास, जन्मापासून दांडी धरल्यासारखा. उजवा चालत नाही. कॉर्नेटला तीन कळा. त्याची तीन बोटं त्या तीन कळांनी विचार करतात. एक नि दोन दाबली की अमुक सूर, असं. इथे सदतीस पट्ट्या. बोट शोधायला जातं तोवर गाणं पुढे गेलेलं.

महिना उरला.

११ एप्रिल, बुधवार

सुधारणा नाही. आज पट्टीवर मूठ आपटली. नशीब, फुटली नाही.

१२ एप्रिल, गुरुवार

इथे लिहायला हरकत नाही. दुपारी तो किनाऱ्यावरच्या खळ्यावर जाळी विणायला जातो, तेव्हा मी वाजवते.

पहिल्यांदा पुसायला म्हणून बसले होते. सगळी गाणी मला येतात, लहानपणापासून प्रत्येक हळदीत म्हटलीत. कुठली पट्टी कुठल्या शब्दाला, हे हाताला कळायला लागलं. काळ्या पट्ट्यांच्या दोनाच्या जोडीखालून मोजते. माझी बोटं जाडी आणि कोयत्याने चिरलेली, पण चुकत नाहीत. मासे साफ करताना कुठे बघते मी?

दांडी मात्र जमत नाही. ओढते तर आवाज रेकल्यासारखा.

१७ एप्रिल, मंगळवार

पकडले गेले. तो लवकर आला, दारात उभा. किती वेळ उभा होता देव जाणे.

मी उठायला गेले. म्हणाला, "बस."

बाजूला येऊन बसला, दांडी धरली. "दाब."

"काय दाबू?"

"काय दाबत होतीस ते."

दाबलं. पहिल्या ओळीला धक्काबुक्की झाली, मी पुढे, तो मागे. "अगो, घाई काय, गाडी सुटते?" — "तूच रेंगाळतोस." तिसऱ्या वेळेला जमलं. पट्टी माझी, ओढणं त्याचं, आवाज एक.

बाजूची रुक्मिणी खिडकीतून म्हणाली, "बळवंतमामा, दात आले काय परत?"

आम्ही दोघं वाजवत होतो.

२९ एप्रिल, रविवार

धोंडिरामला बोलावून ऐकवलं. ऐकताना डोळे मिटले त्याने. उघडल्यावर म्हणाला, "दादाला जागा आहे. पण वहिनी, तू पडद्यामागे बस. बँडमध्ये बाई कधी बसली नाही. लोक हसतील."

नवरा म्हणाला, "मग मी पण पडद्यामागे."

"तसं नाही रे दादा —"

"तसंच आहे. आवाज एक आहे, अर्धा कापून कसा बसवणार?"

धोंडिराम सरूबाईकडे गेला, ती तरी नको म्हणेल म्हणून. सरूबाई त्याला म्हणाली, "हळद माझ्या पोराची. कोण कुठे बसणार ते मी सांगीन. आणि टोपलीत काय भरायचं हे सांगायला गेले, तिथे मीच चुकले होते."

६ मे, रविवार

काल हळद झाली. लिहायला आज बसले.

चार वाजता मांडवात पेटी मांडली. ट्रान्सफॉर्मर मी स्वतः जोडला, कोणाला हात लावू दिला नाही. अर्धा तास तापवली. बँड उभा, आम्ही दोघं मधे स्टुलावर. लोक बघत होते. एक म्हातारा मोठ्याने बोलला, "ही काय मासे विकायला बसली काय?" मी म्हटलं, "हो, तुला कुठला देऊ?"

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याला मांडवातले मोठे दिवे लावले आणि वीज कमी पडली. पेटीचा सूर खाली जायला लागला. मी बरोबर पट्टी दाबत होते आणि चुकीचा आवाज येत होता! क्लॅरनेटवाला वळून बघायला लागला. धोंडिरामचा हात हवेतच थांबला.

नवरा कानाशी म्हणाला, "तू तुझं दाब. बाकी मी बघतो." आणि दांडी किंचित वर ढकलून धरली. जेवढा सूर पडला तेवढा उचलून ठेवला. सगळं गाणं तसंच, मनगट ताठ, त्यातूनच मामाला ओढत वर नेला. बायकांनी लगेच शब्द उचलले. मामाने टॉवेलात तोंड लपवलं.

मला गाता आलं नाही. आयुष्यातली पहिली हळद, ज्यात मी गायले नाही. पण गाणं माझ्या बोटातून जात होतं, त्यामुळे चाललं.

संपल्यावर म्हाताऱ्या बायका येऊन त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. एकीने विचारलं, "शिंग कुठे ठेवलंस?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

८ मे, मंगळवार

सकाळी दारात शिंपी उभा. धोंडिरामने धाडला. बँडचा लाल कोट शिवायचा आहे, माझ्या मापाचा. म्हटलं, बाह्या आखूड ठेव.