आईच्या वाढदिवसाचा आकडा

सोमवार, २१ सप्टेंबर
सकाळचे साडेनऊ

ती. अण्णा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार, धाकटीला एक टपली. मी बरी आहे. प्रयोगशाळेत आता बाटल्यांना चिठ्ठ्या लावण्यापलीकडचं काम देतात, पाणी तपासायला बसवतात. मॅडम म्हणाल्या, "तुझी नजर चांगली आहे गं." मी म्हटलं, वडिलांची आहे.

तुमचे गुडघे कसे आहेत? आईचा खोकला?

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि आईच्या हातात देता. हे आईच्या हातात जायला नको. म्हणून दहाच्या बसच्या चालककाकांकडे पत्र देते आहे. अकराच्या आत ते तुमच्या दारात येतील.

म्हणजे तुम्हाला कळलंच. मी शहरात नाही. वर, धरणावर आहे. कालपासून.

खोलीतली मैत्रीण कधीची मागे लागली होती. "बाप तीस वर्षं धरणावर आणि लेकीनं धरण आतून पाहिलं नाही? कमाल आहे बाई तुझी!" काल तिकिटं काढून आलो, चारचौघांसारखी. बसमधून आपलं घर दिसलं. दोरीवर आईची हिरवी साडी वाळत होती. मी उतरले नाही. रागावू नका. उतरले असते, तर तुमच्या तोंडाकडे बघून पुढे गेलेच नसते.

धरण काठोकाठ भरलं आहे. आता पर्यटकांना धरणाच्या पोटातल्या बोगद्यात नेतात. लिफ्ट बसवली आहे, अण्णा. तीनशे बारा पायऱ्या तुमचे गुडघे खात होत्या, तेव्हा नव्हती.

माहिती सांगणारा माणूस मोठा गमत्या. "आत फोनला रेंज नाही, तेव्हा नवरे मंडळी निवांत बघा!" एक आजोबा म्हणाले, "अहो, भिंत गळतेय की!" तो म्हणाला, "घाम आहे, आजोबा. एवढं पाणी अडवून उभं राहायचं म्हणजे घाम येणारच." सगळे हसले. हे वाक्य तुमचं आहे. तुम्ही घरी म्हणायचात, तेव्हा मीही हसायचे.

पण तुम्ही पुढे आणखी एक सांगायचात. घाम नितळ असला तर झोपा, मातीचा आला तर धरणाचा पाय सुटतोय.

भिंतीत झिरपलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या सातव्या भोकाखालच्या नाल्यात पाणी मातकट होतं. खाच पाडलेली ती पितळी पट्टी, जिच्यावरून वाहणारं पाणी तुम्ही मोजायचात, ती तुमच्या सांगण्यावरून मला ओळखीची वाटली. शेजारच्या मोजपट्टीवर अडतीस होतं. अडतीस मिलिमीटर. मी चपलेचा पट्टा बांधायचं निमित्त करून वाकले आणि बाटली भरून घेतली. मैत्रीण म्हणाली, "अगं, ते प्यायचंय का तुला?"

त्या माणसाला मी सांगितलं, पाणी गढूळ आहे. तो म्हणाला, "ताई, उगाच काळजी. वर दालनात तक्ता लावलाय, बघून घ्या. इतक्या वर्षांत रेष हललेली नाही."

म्हणून मी तक्ता बघितला.

अण्णा, आता ते लिहिते, जे आपण दोघं कधीच बोललो नाही. तुमच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं. दर सोमवारी तुम्ही गळतीच्या मोजणीची वही माझ्यापुढे सरकवायचात. "मागच्या आठवड्यासारखंच टाक गं, तुझं अक्षर चांगलं आहे." मी टाकायचे. हुशार होते ना! दर आठवड्याला तोच आकडा दिसला तर शंका येईल, म्हणून अकरा, साडेअकरा, पुन्हा अकरा असं करायचे. आणि आईच्या वाढदिवसाच्या आठवड्यात गंमत म्हणून चौदा. तुम्ही खाली उतरत नव्हता, हे मला माहीत होतं. तुम्हाला उतरवत नव्हतं, हेही. पाणी तेव्हा नितळ असेल, असं मी धरून चालले.

तक्त्यावरच्या रेषेत तो चौदाचा दात वर आलेला आहे. तुमच्या दोन वर्षांत दोनदा. पण तुम्ही निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि तो दात त्यानंतरही दरवर्षी, त्याच आठवड्यात आहे. एकूण सहा. तुमच्या जागी आलेला माणूस माझीच पानं उतरवतो आहे. सहा वर्षांत खाली जाऊन कोणीही मोजलेलं नाही. पर्यटक तेवढे जातात, हसतात आणि वर येतात.

मैत्रीण संध्याकाळी परत गेली. मी इथल्या विश्रामगृहात राहिले. बाटली खिडकीत ठेवली होती. आज सकाळी तळाशी बोटाच्या पेराएवढी माती बसली आहे.

आत्ता मोठ्या अभियंत्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. शिपाई म्हणतो, "साहेब बारानंतर भेटतील. धरण बघायला आलात ना, मग बघा की!" मी हलले नाही. आत जाऊन मी सगळं सांगणार आहे. तुमचं नाव वगळून सांगता येईल का, याचा खूप विचार केला. येत नाही. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिताना मला किती अभिमान वाटायचा, तो खोटा नव्हता. म्हणूनच हे करते आहे.

आई आणि धाकटीला लगेच टेकडीवर आत्याकडे पाठवा. कारण नंतर सांगा. नदीकाठच्या शेजाऱ्यांनाही सांगा, तुमचं ऐकतील. आणि साडेअकराची बस धरून तुम्ही वर या. साहेबांना माझ्याकडे बघून एक मुलगी आणि एक बाटली दिसेल. तुम्ही आलात तर त्यांना सातवं भोक दिसेल.

जबाब मी एका पानावर लिहिला आहे. पहिली ओळ अशी: "या नोंदी माझ्या अक्षरातल्या आहेत." सही केली आहे. शेजारी तुमच्या सहीपुरती जागा मोकळी ठेवली आहे. तुम्ही आला नाहीत तरी कागद तसाच देणार आहे.

बसचा भोंगा वाजतोय.

बाकावर तुमची वाट बघणारी,
तुमची थोरली