पालकांना घेऊन या

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग तेवढा मनातल्या मनात समज, कारण काल शाळेच्या वाचनालयात खालच्या फळीवरची डायनासोरची पुस्तकं आवरताना कंबर धरली आहे.

फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि कुणालाच काही कळत नाही, म्हणून महत्त्वाचं असेल ते पत्रात, हा आपला नियम. तर महत्त्वाचं असं, की विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा निघाली आहे. तीच, जी मी बाळंतपणात सोडली होती. दोन वर्षांत परत येते असं सांगून निघाले होते, आणि आता त्या बाळाला मिसरूड फुटलंय. अर्ज केला आहे.

करून बसले खरी, पण आता धीर होत नाही. तिथे माणसं प्रबंध लिहितात. मी इतकी वर्षं शाळेत फाटक्या पुस्तकांना चिकटपट्ट्या लावतेय आणि पोरांची नाकं पुसतेय. पहिलीतल्यांना पुस्तकांवरचे क्रमांक वाचता येत नाहीत, म्हणून मी कपाटांवर प्राणी चिकटवलेत. हत्तीच्या कपाटात विज्ञान, माकडाच्या कपाटात गोष्टी. हे मुलाखतीत कुठल्या तोंडाने सांगू? हसतील मला.

ह्यांनी विचारलं, की तुला तिथे हवंय तरी काय. मी सांगितलं, की त्या उंच खिडक्यांखालच्या टेबलाशी बसायचंय. कुणीतरी अवघड प्रश्न घेऊन यावं आणि उत्तर शोधण्यात माझा अख्खा दिवस जावा. शाळेत प्रेम भरपूर मिळतं गं, पण प्रश्न एकच असतो, की बाई, शूला जाऊ का.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव. सध्या मला जरा जास्तच लागणार आहे.
तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा उधार ठेवते, भेटलीस की मिळेल.

काय गं हे रडगाणं? रडत जाईल तो मेल्याची बातमी घेऊन येईल, हे काय तुला मी सांगायचं? माझ्या चष्म्याच्या दुकानात रोज माणसं येतात आणि अक्षरं बारीक झालीत म्हणून तक्रार करतात. अक्षरं असतात तेवढीच असतात. तुझंही तसंच आहे. ग्रंथालय तेच आहे, तुझा नंबर बदललाय.

मला तू तिथे परत हवी आहेस. हे एकदाच सरळ लिहिते, पुन्हा लिहायला लावू नकोस.

फक्त एक कर. मुलाखतीत शाळेच्या सवयी आवर. मागच्या सुट्टीत आलीस तेव्हा जेवताना तू ह्यांना बजावलंस, की तोंडात घास असताना बोलायचं नाही. तेव्हापासून हे खरंच बोलत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी जमलं नाही ते तू एका घासात केलंस. पण तिथे मोठमोठे प्राध्यापक असणार. तिथे हात मागे बांधून बस.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ काय कुठे जात नाही, तू धीर वाढव.
तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आज साष्टांग खरोखरचा आहे, कारण मी आडवीच झालेय.

मुलाखत झाली. हात मागे बांधले नाहीत त्याची फळं भोगतेय. आधी सगळं छान चाललं होतं. समोर ग्रंथपाल बाई, आणखी दोघं, आणि इतिहासाचे ते दाढीवाले प्राध्यापक, ज्यांना पाहिलं की मुलं जिना बदलतात. आम्हाला नवीन संशोधक समजून जुनी वर्तमानपत्रं कशी शोधायची ते शिकवा, असं त्यांनी सांगितलं. मी सुरुवात केली. मध्ये एकदा, आता हे कोण सांगेल बरं, असं माझ्या तोंडून गेलं आणि देवाशप्पथ, दोघांनी हात वर केले.

मग प्राध्यापकांचा फोन वाजला. मी थांबले. त्यांनी बंद केला. पुन्हा वाजला, मी नुसतं पाहिलं. तिसऱ्यांदा वाजला आणि ताई, माझा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी मुकाट्याने फोन माझ्या हातावर ठेवला. मी तो पर्समध्ये टाकला आणि पुढे शिकवत राहिले! शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की शाळेतून इथे येऊन जमेल का. मी काहीतरी पुटपुटले आणि पळाले.

बसमध्ये पर्स वाजायला लागली. पाहते तर फोन तसाच आत! पडद्यावर नाव आलं होतं आई. गोंधळून उचलला. पलीकडून म्हातारा आवाज विचारत होता, की गोळी घेतलीस का. आणि माझ्या तोंडून रोजचंच वाक्य बाहेर पडलं, की फोन जप्त झाला आहे, उद्या पालकांना घेऊन या. आजींनी विचारलं, की काय केलं त्याने. वर्गात वाजला, असं मी सांगितलं. त्यांनी शाळेचा पत्ता विचारून घेतला आणि येते म्हणाल्या.

विद्यापीठात लगेच फोन लावला, पण कार्यालय बंद झालं होतं. नोकरी तर गेलीच, आता अब्रूही जाणार. ग्रंथपाल बाईंना तोंड कसं दाखवू?
लोभ असू दे, तेवढाच उरलाय.
तुझी करंटी,
धाकटी

६ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद. धपाटा माफ.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि हसता हसता एका गिऱ्हाइकाला चष्मा उलटा घातला. त्यांनी विचारलं, की बाई, तुम्हाला काय झालंय. मी पत्र वाचून दाखवलं. आता ते रोज येऊन विचारतात, की आजी आल्या का. बाई गं, लवकर लिही, नाहीतर हे गृहस्थ दुसरा चष्मा घेतील आणि त्यांना त्याची गरज नाही.

करंटी वगैरे पुन्हा सही केलीस तर पत्र परत पाठवीन. आपल्या आईने करंटी जन्माला घातलेली नाही.
ममता आहे, भांडण झालं तरी राहील.
तुझी,
ताई

१२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आजी आल्या! काठी टेकत, लेकाच्या दंडाला धरून. आमच्या वाचनालयात खुर्च्या पहिलीच्या मापाच्या. आजी टुणकन बसल्या. प्राध्यापक बसले तेव्हा त्यांचे गुडघे दाढीला लागले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर आजींनी मला थांबवलं आणि लेकाला सांगितलं, की बाईंना सॉरी म्हण. त्यांनी म्हटलं! मग आजींनी मला सांगितलं, की हा लहानपणापासून असाच आहे, सुधारेपर्यंत फोन ठेवून घ्या.

मी कसाबसा फोन परत दिला. आजी उठून थेट माकडाच्या कपाटाशी गेल्या, पुस्तक काढलं आणि वाचत बसल्या. कुणाला काही विचारलं नाही. प्राध्यापक बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, की हे प्राणी कुणाची कल्पना. माझी, असं सांगितलं. त्यांनी मान हलवून म्हटलं, की आमच्या संशोधकांना आकडे वाचता येतात, पण पुस्तक काही सापडत नाही.

काल ग्रंथपाल बाईंचा फोन आला. मला घेतलंय! त्या सांगत होत्या, की वाचनकक्षात शांतता राखा अशी पाटी लावून लावून आम्ही थकलो, आणि सगळ्यात जास्त फोन ह्याच प्राध्यापकांचा वाजतो. आणि समितीत माझी बाजूही त्या प्राध्यापकांनीच लावून धरली. हसले का सगळे, असं मी विचारलं. खूप हसलो, म्हणाल्या. मला राग यायला हवा होता, पण मीही हसत सुटले.

पहिलीतल्या पोरांना सांगताना मात्र रडू आवरलं नाही. एकाने विचारलं, की तिथे माकडाचं कपाट आहे का. नाही म्हटल्यावर त्याला माझी फार दया आली.
तुझ्या गिऱ्हाइकाला नमस्कार सांग. लोभाचा हप्ता पोहोचला, पुढचाही पाठव.
तुझी,
धाकटी

१७ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. कंबर बरी आहे. इथे डायनासोर वरच्या फळीवर असतात.

काल पहिला दिवस. खिडक्या तशाच उंच आहेत, टेबल मात्र नवीन आलंय. सकाळभर कुणी फिरकलं नाही. मला वाटायला लागलं, की आता कुणी शूला जाऊ का असं विचारलं तरी चालेल. तेवढ्यात ते दाढीवाले आले. त्यांनी खिशातून फोन काढला, बंद केला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मग समोर बसून प्रश्न विचारला.

ताई, प्रश्न अवघड होता. अख्खा दिवस लागला.
तुझी,
धाकटी