चष्मा कोणाकडे आहे?

प्रिय ताई,

नर्सबाई हे पाकीट तुझ्या हातात देतील तेव्हा तू आधी कपाळाला हात लावशील. रोज संध्याकाळी खाटेशेजारी येऊन बसणाऱ्या बाईला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटणारच. सुचलं, कारण समोर असले की तू मला बोलू देत नाहीस. मी तोंड उघडलं की "रेडिओ, आवाज कमी" म्हणतेस, पलीकडच्या खाटेवरच्या आजी हसतात आणि माझं सांगायचं राहून जातं. कागदाचा आवाज काही तुला कमी करता येणार नाही, म्हणून हा उद्योग. पाकिटासोबत एक छोटी कापडी पिशवी आहे. ती रिकामीच आहे, उगाच चाचपून बघू नकोस. कशासाठी ते सांगते, पण माझ्या सवडीने.

आधी घरची खबर. आई बरी आहे. डॉक्टरांनी तुला दीड महिना सक्तीची विश्रांती सांगितल्याचं कळल्यापासून तीही दुपारी झोपत नाही; म्हणते, मोठी झोपल्याशिवाय मला झोप कशी येईल. भाऊजींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. बस चालवणारा माणूस पोळ्याही वळणावळणाच्या करतो हे आम्हाला आता कळलं. तुझी लेक कॉलेजातून आली की तुझ्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, आणि कोणी हाक मारली तर अगदी तुझ्यासारखी भुवई वर करते. ती खुर्ची बरेच महिने रिकामी होती, ताई. त्या खुर्चीजवळच्या पुस्तकातली खूण गेल्या वर्षभर त्याच पानावर आहे. मी मुद्दाम उघडून बघितलं.

आता मुद्द्याचं. शनिवारी कारखान्यातली काचेची भट्टी थंड करायला सुरुवात व्हायची आहे, म्हणून तू शुक्रवारी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून इथून निघणार, असं डॉक्टरांना ठणकावून सांगितलंस म्हणे. त्यांनी मला बाहेर बोलावलं. फार शांत माणूस आहे, पण काल शांत नव्हते. भट्टीच्या हॉलमधली धग आणि ते लोखंडी जिने तुझ्या हृदयाला आत्ता झेपणार नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. मी घरी येईपर्यंत दोनदा रस्ता चुकले. मला भीती वाटते, ताई. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास.

भट्टी तुझ्यासाठी काय आहे ते मला समजत नाही असं समजू नकोस. तुझी लेक पहिलीत होती तेव्हा ती पेटली, आणि तेव्हापासून एक क्षणही विझलेली नाही. जगभरची सुट्टी असली तरी आत काच उकळत असते, बाहेर बरण्या आणि बाटल्या निघत असतात. आता आतल्या विटा झिजल्या आहेत. ती थंड करायची, विटा बदलायच्या आणि पुन्हा पेटवायची. असं काम एखाद्या भट्टीप्रमुखाच्या नशिबी एकदाच येतं. वर्षभर तू त्याच तयारीत होतीस आणि नेमकं तोंडाशी आलं तेव्हा तू इथे सलाइनच्या नळीला बांधलेली. मी तुझ्या जागी असते तर रडून रडून सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला असता.

पण मी तुझ्या जागी नाही, आणि कधीच नव्हते. लहानपणापासून मी तुझ्याकडे बघतच मोठी झाले. शिवणाचं दुकान काढलं तेव्हा हाताखाली माणसं कशी ठेवायची हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. ते मी तुझ्याकडून उचललं. तुला न विचारता उचललं, म्हणून आज निदान कबूल तरी करते.

तुमच्या पाळीबदलाची पद्धत मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी हसले होते. जाणाऱ्याने गळ्यातला निळ्या काचेचा चष्मा काढायचा, येणाऱ्याच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचं, "भट्टी तुझी." येणाऱ्याने तो गळ्यात घालून म्हणायचं, "भट्टी माझी." कपाटात तसले चष्मे ढिगाने पडलेले असतात, तो लावला नाही तर भट्टीच्या खिडकीत नुसता पांढरा उजेड दिसतो. पण हा एक चष्मा प्रमुखाचा. तो ज्याच्या गळ्यात, निर्णय त्याचा, आणि ज्याने दिला त्याने परत खिडकीत डोकावायचंही नाही. मी म्हटलं होतं, ही मोठी माणसं काय खेळ खेळतात. मग मी बघितलं की चष्मा दिल्यावर तू खरोखरच घरी यायचीस. नुसतं शरीर नाही, तू यायचीस. गरम पाण्याने अंघोळ, मग खिडकीजवळच्या खुर्चीत पुस्तक, तेवढा वेळ कोणी काही विचारायचं नाही. आणि पुस्तक मिटलं की तू आमची. लेकीचं गणित, आईचे गुडघे, भाऊजींचे तेच ते जुने विनोद, सगळ्यांना पुरायचीस. माझ्या ओळखीतली बाकीची मोठ्या हुद्द्याची माणसं जेवताना पानाकडेसुद्धा बघत नाहीत.

कारखान्यातही तू तशीच. जेवणाच्या सुट्टीत विश्रांतीच्या खोलीत, दार सताड उघडं, पाय स्टुलावर आणि हातात जाडजूड कादंबरी. नव्या मॅनेजरांनी एकदा आडून आडून सुचवलं होतं, प्रमुख अशी वाचत बसलेली बरी दिसत नाही. तू त्यांना म्हणालीस, "साहेब, मी बसलेली दिसले तरच बाकीचे बसतील." महिन्याभरात त्या खोलीत पुस्तकांचं कपाट आलं. ट्रकवाले प्रवासवर्णनं न्यायला लागले. तुझ्या हाताखाली पाळी सांभाळणारा तो उंच गडी, ज्याला सगळे खांब म्हणतात, तो तर एकच पुस्तक वर्षभर वाचत होता, आणि कोणी विचारलं की सांगायचा, घाई काय आहे, ती माणसं कुठे पळून चालली आहेत.

खांबावरून आठवलं. माझ्या दुकानाच्या उद्घाटनाचा दिवस तुला आठवत असेलच, पण मला माझ्या बाजूने सांगू दे. पाहुणे जमलेले, पेढ्यांचा खोका अजून बंद, आणि तू कात्री हातात घेऊन फितीसमोर उभी. तेवढ्यात कारखान्यातला माणूस धापा टाकत आला. भट्टीच्या एका भिंतीला तडा जाऊन काच झिरपायला लागली होती. मला वाटलं, गेलं आता सगळं, ही चालली. तू फक्त एक विचारलंस, "चष्मा कोणाकडे आहे?"

तो म्हणाला, खांबाकडे.

"मग त्यालाच विचार," असं म्हणून तू फीत कापलीस.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला मात्र वाटलं, हिचं काळीज दगडाचं आहे. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी तुला विचारलं, तुला काहीच वाटलं नाही? तेव्हा तू सांगितलंस की फीत कापेपर्यंत तू मनातल्या मनात देवाचा धावा करत होतीस. मग तू जे म्हणालीस ते मी विसरलेले नाही. "भट्टी बघायला खांब आहे. खांबाला बघायला देव आहे. माझ्याकडे आज फक्त तुझं दुकान आहे."

तुझी श्रद्धा मला तोपर्यंत कळलीच नव्हती. हॉलमध्ये शिरण्याआधी तू भिंतीला हात लावून डोळे मिटून क्षणभर उभी राहतेस, एवढं ऐकून होते. मला वाटायचं, काही अघटित घडू नये म्हणून मागणं मागत असेल. पण तसं नव्हतं. सगळं जग तुझ्या एकटीच्या खांद्यावर नाही, याची तू रोज स्वतःला आठवण करून देत होतीस. ज्याला हे पटलंय तोच दुसऱ्याच्या हातात चष्मा देऊ शकतो. खांबाने त्या दिवशी भिंतीवर बाहेरून पाणी सोडून गळती थांबवली. दुसऱ्या दिवशी तू त्याला काय केलंस म्हणून विचारलंही नाहीस. तो आपणहून सांगेपर्यंत थांबलीस. त्या दिवसानंतर तो ताठ मानेने चालायला लागला. आधीच तो एवढा उंच, त्यात मान ताठ. दारातून जाताना हमखास आपटायचा.

मी दुकानात हेच चालवलंय. मोठी कात्री ज्या बाईकडे, त्या दिवशी कापड बेतण्याचा शब्द तिचा. मी वरच्या खोलीत जाऊन वाचते. पहिल्या आठवड्यात एक अख्खा पडदा आखूड बेतला गेला, मी दात-ओठ खाल्ले, पण खाली उतरले नाही. आता माझ्यापेक्षा त्यांची बेतणी चांगली आहे, आणि माझी मुलं मला आई म्हणून ओळखतात. हे तुझं देणं आहे. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण आपल्या घरात कौतुक करायचं म्हणजे आजारी पडायला लागतं. तेवढं तू केलंस म्हणायचं.

गेल्या वर्षी मात्र तुझं काय झालं ते मला अजून नीट उमगत नाही. भट्टीच्या दुरुस्तीची तारीख ठरली आणि तू चष्मा द्यायचीस, पण द्यायचा म्हणून. पाळी संपल्यावरही हॉलमध्येच. खुर्ची रिकामी, पुस्तक बंद. आई दोनदा म्हणाली, पोरगी घरी येते पण पोचत नाही. मी तुला टोकलं तर म्हणालीस, एवढं काम झालं की मग. रागावत नाहीये मी. मला आपलं वाटतं, जे फार प्रेमाचं असतं ते सोडणं तुलासुद्धा जमत नाही, आणि हे कळल्यावर तू मला जास्तच जवळची वाटलीस. आयुष्यभर बिनचूक वागणाऱ्या बहिणीवर प्रेम करणं तसं अवघडच होतं.

तर आता त्या दुपारचं. तू पाळीवर असतानाच कोसळलीस आणि तशीच गाडीत घालून तुला इथे आणलं. चष्मा तुझ्या गळ्यातच होता. त्या दिवसापासून कारखान्यात काय चाललंय ते तुला ठाऊक नाही, कारण तुला फोनवर सगळे गोडच सांगतात. (हो, नर्सबाईंनी तुझा फोन काढून घेतल्यावर तू आजींचा फोन पांघरुणात घेऊन बोलतेस, तेही मला कळलंय.) रोजचं काम खांब करतो, उत्तम करतो. पण भट्टी थंड करण्याचा शब्द प्रमुखाचा. मॅनेजर विचारतात, सुरुवात करायची ना? खांब म्हणतो, ताईंना विचारतो. कारण "भट्टी तुझी" असं त्याला कोणी म्हटलेलं नाही. म्हणून तुला फोन येतात, फोन आले की तुला वाटतं, माझ्याशिवाय अडलंय, आणि तू चपला शोधायला लागतेस. तिकडे विटा झिजतायत, इकडे तू.

परवा तो माझ्या दुकानात आला. बराच वेळ पडद्यांच्या कापडाकडे बघत उभा राहिला, जणू त्याला पडदेच शिवायचे होते. मी चहा दिला. तो रोज तुझ्या वॉर्डाच्या दारापर्यंत येऊन परत जातो, हे त्याच्याकडून काढून घ्यायला मला दोन कप लागले. मी म्हटलं, अरे मग आत जा आणि माग. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याला चोरी करायला सांगत होते. तुमच्यात म्हणे घेणाऱ्याने मागायचं नसतं. तुझ्या आधीचे प्रमुख आबा, त्यांनी तुला हे शिकवलं आणि तू त्याला. मागून घेतलेली भट्टी हातात राहत नाही, असं तूच त्याला सांगितलंस. तो जन्मभर दारात उभा राहील, ताई, पण मागणार नाही. तुझाच शिष्य.

आणि काल नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या बहिणीला उजेडाचा त्रास होतो का? रात्री दिवे मालवण्याआधी उशीखालून निळ्या काचांचा चष्मा काढतात, डोळ्यांना लावतात आणि छताच्या दिव्याकडे बघत पडून राहतात. मी त्यांना सांगितलं, हो, होतो थोडा त्रास. मग जिन्यात जाऊन पोटभर रडले.

म्हणून हे पत्र. तुमच्या पद्धतीत खांबाला मागता येत नाही, पण मी काही भट्टीवरची नाही. मला कसली बंदी? मी मागते. गुरुवारी चार वाजता तो येईल. मी त्याला एवढंच सांगितलंय की ताईंना भेटायचंय, इस्त्रीचा शर्ट घालून ये. तो तुझ्या खाटेच्या पायाशी उभा राहील, पण चष्मा मागणार नाही. पिशवी त्या चष्म्याच्या मापाची शिवली आहे, आतून मऊ अस्तर लावलंय, म्हणजे थेट गळ्यात घालण्याआधी त्याला जरा वेळ मिळेल. तू तुझे दोन शब्द म्हण. तो त्याचे म्हणेल. मग तो जाईल, आणि तू दाराकडे बघू नकोस, खिडकीकडे तोंड कर. भट्टी बघायला खांब आहे, खांबाला बघायला देव आहे. मी तुझं पुस्तक घेऊन खुर्चीत बसलेली असेन, खूण आहे त्याच पानापासून वाचायला सुरुवात करेन, आणि त्या दिवशी तरी आवाज कमी कर म्हणू नकोस.

तुझीच,
रेडिओ